खोडरबर बाईंची वही

रजई अर्धी खोळीत गेली होती आणि अर्धी बाहेर लोंबत होती, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. रजईला खोळ घालणं हे एकटीचं काम नाही. दोन टोकं मी धरायची, दोन वन्संनी, आणि मग हात आत घालून हरवलेला कोपरा शोधायचा. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. छत्तीस वर्षं आम्ही दोघी हे काम करतोय आणि दर वेळी त्या म्हणतात, "वहिनी, ही रजई करणाऱ्याला चौकोन काढता येत नव्हता." त्या दिवशीही तेच म्हणाल्या आणि टोकं सोडून दार उघडायला गेल्या.

दारात वन्संच्या शाळेचे मुख्याध्यापक. वन्संपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण चालणं असं की जणू शाळा त्यांच्या खांद्यावरच बांधलीय. बसले, पाणी प्यायले, खिडकीतल्या कुंड्यांचं कौतुक केलं आणि मग म्हणाले की यंदाच्या उत्कृष्ट शिक्षक पुरस्कारासाठी शाळेकडून दोन नावं जाणार आहेत, त्यातलं एक बाईंचं. वन्सं नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यांचं ते "बरं" मला माहीत आहे. भाजीवाल्याने आपणहून जास्तीची मिरची टाकली की तेव्हाही त्या असंच म्हणतात.

पुढचं वाक्य मात्र त्यांना ऐकू गेलं. ज्याला पुरस्कार मिळेल त्याला निवृत्तीनंतर दोन वर्षं वाढवून मिळतात.

"वर्गावर?" वन्संनी विचारलं. "की हापिसात बसवून ठेवायचं?"

"वर्गावरच," मुख्याध्यापक म्हणाले.

वन्सं खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. त्यांना पुरस्काराचं काडीचं अप्रूप नव्हतं, पण ती दोन वर्षं त्यांना हवी होती. ती कशासाठी, ते सांगायचं तर आधी त्यांची वही सांगायला हवी.

वन्सं गोड बाई नाहीत. हे आधीच लिहून टाकते, कारण शिक्षिकेबद्दल लिहायला घेतलं की लोकांना वाटतं आता हिच्या डोळ्यांतून माया झरायला लागणार. त्या फटकळ आहेत, चहात साखर कमी पडली तर तोंडावर सांगतात. लग्न केलं नाही. का केलं नाही याची घरातली तीन माणसं तीन कारणं सांगतात, आणि त्या स्वतः चौथं सांगतात, "वह्या तपासायच्या राहिल्या होत्या." पस्तीस वर्षं त्यांनी तिसरीचा वर्ग मागून घेतला. चौथीत गेली की पोरं लपायला शिकतात, मग सापडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

वर्षाच्या सुरुवातीला त्या एक नवी वही काढायच्या. शाळेची नव्हे, स्वतःची, साधी शंभर पानी. प्रत्येक पानावर एका मुलाचं नाव, आणि त्याखाली त्याला जे जमत नाही ते. नेहमी शिसपेन्सिलीने. 'हातचा विसरते.' 'फळा दिसत नाही, पण सांगत नाही.' 'उत्तर येतं, उभं राहिलं की जातं.' एका पोराच्या नावाखाली नुसतं 'भूक' लिहिलेलं मी एकदा पाहिलं होतं. ही वही त्यांच्या पिशवीतून बाहेर निघायची नाही. आणि ते जमायला लागलं, एकदा नव्हे, तीनदा जमलं, की त्या मुलाला टेबलापाशी बोलवायच्या, वही उघडून त्याची ओळ दाखवायच्या आणि खोडरबर त्याच्याच हातात द्यायच्या. मूल स्वतःच्या हाताने ती ओळ खोडायचं. बाई वरचा भुगा फुंकर मारून उडवायच्या आणि म्हणायच्या, "झालं. आता हे तूही कुणाला सांगायचं नाहीस आणि मीही नाही." म्हणून पोरं त्यांना खोडरबर बाई म्हणतात. आता तर त्या पोरांची पोरंही म्हणतात.

वर्ष संपेपर्यंत ज्यांच्या ओळी खोडून व्हायच्या नाहीत, त्या नव्या वहीच्या पहिल्या पानांवर उतरायच्या. ती मुलं चौथीत, पाचवीत गेली तरी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बाईंपुढे बसायची. अशी जुन्या वहीतली शेवटची ओळही पुसली जायची आणि वही कोरी व्हायची.

यंदा तीन मुलांच्या ओळी राहणार हे दिसत होतं, आणि त्या उतरवून घ्यायला पुढची वही नव्हती. दोन वर्षं हवी होती ती एवढ्यासाठी.

अर्ज ह्यांनी चष्मा लावून वाचला. नऊ पानी. राबवलेल्या उपक्रमांची छायाचित्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं, माजी विद्यार्थ्यांची पत्रं, मान्यवरांचे अभिप्राय, केलेल्या कामाच्या नोंदी. सगळं स्वतःचं स्वतः जमवून, स्वतःच्या सहीने द्यायचं. "म्हणजे मी फार चांगली आहे असं मीच लिहून द्यायचं का?" वन्संनी विचारलं. हे म्हणाले, पुराव्यासकट.

शाळेतून गेलेलं दुसरं नाव फोटोवाल्या सरांचं. माणूस वाईट नाही, पण मूल पडलं तर आधी फोटो काढतात आणि मग औषध लावतात. त्यांच्या चार फायली कधीच्या तयार होत्या, रंगीत खुणा लावून. वन्संचे पस्तीस वर्षांत फोटो निघाले ते शाळेच्या गटछायाचित्रात, त्यातही डोळे मिटलेले.

दोन दिवस विचार करून त्या माझ्याकडे आल्या. मी धान्य निवडत होते. म्हणाल्या, "वहिनी, माझ्या जुन्या वह्या तुझ्याकडे आहेत ना? पेन्सिलीचे वळ राहतात कागदावर. खोडलेलं दिसतंय एवढं तरी त्यांना कळेल."

माझे हात सुपातच राहिले.

मी रोज वही लिहिते. लग्न होऊन आल्यापासूनची सवय आहे. सकाळची प्रार्थना झाली की चार ओळी, काय घडलं, कुणाला काय बोलले, देवापुढे कशाची लाज वाटली. दर वर्षी वन्सं आपली कोरी झालेली वही मला आणून द्यायच्या. "घे वहिनी, कागद चांगला आहे, वाया कशाला घालवायचा." आणि मी त्यात शाईने लिहायची. चौतीस वर्षं, चौतीस वह्या. त्यांच्या सगळ्या पुसलेल्या ओळींवर माझं दूध फाटलेलं, सासूबाईंचं पथ्य, दिराशी झालेला अबोला.

पलंगाखालची पेटी ओढून मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वरची वही उघडली, एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मला वाटलं आता काहीतरी तोडून बोलतील. तर हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "म्हणजे पुरस्कार तुलाच द्यायला हवा. तुझ्याकडे नोंदी आहेत." मग हसू थांबलं आणि त्या तशाच पेटीजवळ जमिनीवर बसून राहिल्या.

पुढची चूक आमच्या तिघांची. हे म्हणाले, यंदाची वही तर आहे ना, त्यात ओळी आहेत, तीच दे. मीही म्हटलं, द्या हो वन्सं, एक खरी वस्तू तरी त्यांच्यासमोर जाऊ दे. त्या नको नको म्हणत होत्या. "ती दाखवायची वही नव्हे," असं दोनदा म्हणाल्या. पण ती दोन वर्षं डोळ्यांपुढे होती. शेवटी अर्जाला जोडली. मी त्या दिवशी देवापुढे जरा जास्तच वेळ बसले. पुरस्कार मागितला. त्या तीन मुलांसाठी काही मागावं हे मला सुचलंही नाही.

समिती शाळेत आली ती तिघांची. अध्यक्ष बेचाळिशीचे, उंची कपडे, बोलणं एकदम साफ. पुढचं मला वन्संनी थोडं सांगितलं आणि शाळेतल्या मावशींनी जास्त, कारण चहा घेऊन त्याच आत गेल्या होत्या. अध्यक्षांनी वही चाळली. बहुतेक पानं कोरी. इथे काय होतं, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, मुलांच्या अडचणी होत्या, आता नाहीत. होत्या कशावरून? बाई म्हणाल्या, मुलांना विचारा. अध्यक्ष म्हणाले, मुलं हा पुरावा होत नाही. मग त्यांना लिहिलेली पानं सापडली. त्यातलं एक त्यांनी मोठ्याने वाचलं, मुलीच्या नावासकट.

ती ओळ मी इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते की आठ वर्षांच्या मुलीला वर्गात एक गोष्ट आवरत नव्हती, म्हणून बाईंनी तिला दाराजवळ जागा दिली होती आणि दर तासाला तिच्याकडे बघून मान हलवायची खूण ठरवली होती. चार महिन्यांपूर्वी दिवसाला तीनदा व्हायचं, आता आठवड्यातून एकदा. ओळ खोडायला फार तर सहा महिने लागले असते.

खोलीत दोघंतिघं हसले. मावशी म्हणतात, वाईट बुद्धीने कुणी हसलं नाही, आपलं हसू आलं. दार उघडं होतं आणि बाहेर चौथीची रांग उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी वन्सं तिच्या घरी गेल्या, सोबत मी होते. वडील दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. त्यांच्या पाठीमागे जेवणाचं टेबल दिसत होतं, त्याखाली ती बसली होती, पाय पोटाशी घेऊन.

"बाई," वडील म्हणाले, "तिला तुम्ही सांगितलं होतं ना, हे कुणाला कळणार नाही म्हणून?"

वन्सं "हो" म्हणाल्या. एवढंच. माफीबिफी काही मागितली नाही, कारण माफी मागितली असती तर त्या भल्या माणसाला ती द्यावी लागली असती. परत येताना रस्त्यात त्या माझ्या पुढे चालत होत्या, आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची पाठ म्हातारी दिसली.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाल्या, "आणि वहिनी, गंमत बघ. वाचलं कुणी, तर माझ्याच पोराने."

अध्यक्ष त्यांच्याच वर्गातले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीचे. त्यांनी बाईंना ओळखलं नव्हतं. बाईंनी त्यांना दारात पाहिल्याबरोबर ओळखलं होतं, डाव्या भुवईवरच्या खुणेवरून.

दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी पेटी काढली. दुसऱ्या वर्षीची वही तळाशी होती. एकेक पान खिडकीच्या काचेला लावून तिरकं धरत गेले. माझी शाई फिकट झाली होती. त्या पानावर मी लिहिलं होतं, 'आज भाजी करपली, दोष शेगडीला दिला.' आणि त्याच्याखाली, कागदात दबलेलं, अध्यक्षांचं नाव. आणि ओळ: 'वाचता येत नाही. पाठ करून वाचल्यासारखं करतो. पान उलटायला चुकत नाही, म्हणून कुणाला कळलेलं नाही.'

मी सरळ पदर खोचला. म्हटलं, ही वही घेऊन जाते त्यांच्याकडे. पुरावा हवाय ना त्यांना? हा घ्या पुरावा. तुम्हाला वाचायला शिकवलं कुणी, आणि वाचून तुम्ही काय केलंत. मला राग आला की मी देवाचंही ऐकत नाही. जिन्यात वन्सं भेटल्या. हातातली वही बघून त्यांना काय ते कळलं.

"ही खोडलेली ओळ आहे, वहिनी."

मी म्हटलं, त्याने त्या पोरीची वाचली ना सगळ्यांसमोर?

"तिची मी दिली म्हणून त्याने वाचली. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं." त्यांनी हात पुढे केला. "एका लेकराला दिलेला शब्द मोडला, दोन वर्षांच्या लोभापायी. आता दुसऱ्याचा मोडू? तू जा, मी अडवत नाही. फक्त परत आल्यावर मला वन्सं म्हणू नकोस."

मी वही त्यांच्या हातात दिली. आजही मला कळत नाही मी बरोबर केलं की नाही. त्या बेचाळीस वर्षांच्या माणसाची अब्रू टिकली, आणि टेबलाखाली बसलेलीची गेली. देवाला मी हे रोज विचारते. तो वन्संच्याच वळणाचा दिसतो, खोडलेलं कुणाला सांगत नाही.

निकाल लागला. फोटोवाले सर.

समारंभाच्या आधी मुख्याध्यापक पुन्हा घरी आले. मला वाटलं दिलगिरी व्यक्त करायला. तर मानपत्राचा कोरा कागद घेऊन आले होते. शाळेत बाईंसारखं अक्षर कुणाचं नाही, छापलेलं बरं दिसत नाही, तेव्हा मजकूर बाईंनी लिहून द्यावा. ह्यांनी पुढचं वर्तमानपत्र दणकन आपटलं आणि आत निघून गेले. वन्संनी मजकूर वाचला. 'विद्यार्थ्यांच्या मनाची पाने उलगडणारा किमयागार.' म्हणाल्या, "किमयागाराला विशेषणं आठ आहेत. पाच केली तर कागदावर बसतील." आणि बसल्या लिहायला. दीड तास लागला. एक अक्षर खाली-वर नाही.

मी विचारलं, कशाला लिहिलंत? तर म्हणाल्या, "अक्षराचा काय दोष?"

सभागृहात आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. फुलं, पाण्याच्या बाटल्या, कुरकुरणारा माइक. अध्यक्षांनी आधी भाषण केलं. चांगला शिक्षक समाजाला काय देतो यावर. मग म्हणाले की त्यांना स्वतःला शाळेत कधी फारशा अडचणी आल्या नाहीत, वाचनाची गोडी तर उपजतच होती, पण सगळीच मुलं तशी भाग्यवान नसतात, त्यांच्यासाठी असे शिक्षक हवेत. टाळ्या पडल्या. मी हात मांडीवरून उचलले नाहीत. मला वाटलं, आता तरी वन्सं माझ्याकडे बघतील. पण त्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

मग त्यांनी मानपत्र हातात घेतलं आणि वाचायला लागले. वन्संच्या अक्षरातलं. आणि मी बघते तर वन्सं पुढे वाकल्या होत्या. ओठ हलत होते, आवाज नाही. प्रत्येक जोडाक्षराच्या आधी त्यांची मान किंचित खाली जायची आणि ते अक्षर सुखरूप पार पडलं की वर यायची. 'ज्ञानदृष्टी' आलं, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. अध्यक्ष कुठेही अडखळले नाहीत.

"छान वाचतो," वन्सं म्हणाल्या, मनगट सोडून.

मला रडू आलं ते रागाने. शेजारच्या बाईंना वाटलं मानपत्र फार हृदयाला भिडलं. त्यांनी मला रुमाल दिला.

त्याला आज सोळा दिवस झाले. परवा वन्संचा शेवटचा दिवस होता. शाळेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते अजून खोक्यातच आहे, कारण त्या म्हणतात, मला आता वेळ कळून काय करायचंय. तिसरीचा वर्ग फोटोवाल्या सरांकडे गेला. राहिलेल्या तिघांपैकी दोघांच्या आयांना वन्संनी विचारलं, घरी पाठवाल का. एकीने बघते म्हटलं. दुसरीने सांगितलं की सरांनी त्याला वरच्या वर्गात घातलंय, आता काही अडचण नाही. मुलीला वडिलांनी त्या शाळेतून काढलं. कुठे घातलं ते सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही असं वन्सं म्हणतात.

आज सकाळी मी माझ्या वहीचं नवं पान काढलं आणि लिहायचं थांबले. यंदा मला कोरी वही मिळालेली नाही. वन्संची यंदाची वही अर्जाला जोडलेली आहे, समितीच्या कचेरीत. वरती शिक्का मारलाय म्हणे, आणि एक क्रमांक. तीन मुलांच्या ओळी अजून आत आहेत, न खोडलेल्या, आणि फायलींच्या त्या कपाटाला कुलूप नसतं असं तिथे शिपाई असलेला मावशींचा भाचा सांगतो. वन्संनी दोनदा पत्र पाठवलं. उत्तर आलं की जोडलेली कागदपत्रं परत मिळत नाहीत, अर्जात तळटीप आहे.

आत्ता त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहेत, बाहेर जायची साडी नेसून. पिशवीत खोडरबर टाकलं, ते मी पाहिलं. म्हणाल्या, वही देत नसतील तर नको, तिथल्या तिथे बसून तीन ओळी खोडून येते. त्यांना कोरी वही ठेवू दे.

मी शेगडी बंद केली आणि चप्पल घातली. समितीची कचेरी साडेदहाला उघडते.